निळी शेपटी पुसट का येते, तुटते का?

प्रश्न : राजगडाच्या पायथ्याहून धूमकेतूचे फोटो काढले. १३५ मिमी लेन्स, ३० सेकंदांच्या फ्रेम. दोन तासांच्या फ्रेम एकत्र केल्यावर धुळीचा पिसारा ठसठशीत आला, निळी शेपटी मात्र पुसट. दुसऱ्या रात्री ती डोक्यापासून तुटलेलीच दिसली. हा सौरवाऱ्याचाच परिणाम का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुटणं सौरवाऱ्याचं असू शकतं. पुसट होणं बहुधा तुमच्या फ्रेम जोडण्यातलं.

सौरवारा म्हणजे सूर्यापासून सतत निघणारा विद्युतभारित कणांचा झोत. त्यातला ‘वारा’ हा शब्द जरा फसवा आहे. पृथ्वीजवळ त्यात घन सेंटिमीटरला जेमतेम पाच-दहा प्रोटॉन असतात. नुसत्या धडकेनं शेपटी लोटली जात नाही. खरं काम त्याच्याबरोबर वाहणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचं. निळी शेपटी असते धूमकेतूच्या वायूच्या आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची. हे आयन चुंबकीय रेषांवर लादले जातात, डोक्यापाशी रेषा मंदावतात आणि त्यांची टोकं सेकंदाला सुमारे ४०० किमी वेगानं पुढे धावतात. ओढ्यात रोवलेल्या काठीला अडकलेल्या गवतासारख्या त्या दुमडतात. त्याच घडीतून आयन मागे वाहतात. धूमकेतू स्वतः सेकंदाला ३५ किमी वेगानं आडवा जात असेल, तर शेपटी सूर्याच्या थेट विरुद्ध दिशेपासून पाचेक अंश मागे राहते. या शेपट्यांवरूनच जर्मन खगोलशास्त्रज्ञ बीरमान यांनी १९५१ मध्ये, अंतराळयानं जाण्याआधी, सूर्यापासून सतत कणांचा झोत निघतो असं सांगितलं.

क्षेत्राची दिशा उलटते त्या सीमेतून धूमकेतू गेला किंवा सौर उद्रेकाचा लोट आदळला, तर उलट रेषा एकमेकींना जुळतात आणि जुनी शेपटी सुटते. २० एप्रिल २००७ ला एन्के धूमकेतूची अशी सुटलेली शेपटी सूर्याचा अभ्यास करणाऱ्या ‘नासा’च्या स्टिरिओ यानानं टिपली.

आता फोटो. ४ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्यात तुमच्या लेन्सला एक पिक्सेल म्हणजे ६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). धूमकेतू १५ कोटी किमीवर असेल आणि शेपटीतली गाठ सेकंदाला ५० किमी आडवी सरकत असेल, तर दोन तासांत ती ८० पिक्सेल जाते. १० मिनिटांत सातच. म्हणून २०-२० फ्रेमचे गट करा आणि प्रत्येक गट केंद्रकावर, म्हणजे धूमकेतूच्या डोक्यातल्या तेजस्वी बिंदूवर, जुळवा. ताऱ्यांवर नको.

तेजोमेघांच्या फोटोंसाठीचा, दोनच अरुंद रंगपट्टे आत सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर काढून ठेवा. शेपटीचा निळा उजेड कार्बन मोनॉक्साइडच्या आयनांचा, ४२० ते ४३० नॅनोमीटरच्या आसपासचा. तो फिल्टर नेमका तोच अडवतो. पुण्याच्या पांढऱ्या एलईडींमध्येही निळा भरपूर असल्यानं शहरात फिल्टरनं फार सुटका नाही. राजगडाकडे गेलात ते बरोबरच.

लागोपाठच्या गटांत डोकं आणि तुटलेली शेपटी यांच्यामधली फट डोक्यापासून दूर सरकताना दिसली, तर शेपटी खरंच सुटली आहे. जागची हललीच नाही, तर आधी फ्रेमच तपासा.