सक्शन दुप्पट, गॅस दुप्पट?

प्रश्न : कोळशाच्या थरातला मिथेन काढायला बोअरहोलला सक्शन पंप जोडतात. सक्शन दुप्पट केलं तर गॅसही दुप्पट यायला हवा ना? वर्गात यावरून वाद झाला.
– खाणकाम पदविकेचा विद्यार्थी

उत्तर : नाही येत. माझी उभी नोकरी या पंपांपाशी झाली. गॅस कमी पडला की वरून पहिला हुकूम ठरलेला : "सक्शन वाढवा!"

हिशेबच मांडू. थरात गॅसचा निरपेक्ष दाब १० बार धरा, वातावरणाचा साधारण १.०१. सक्शन ०.१५ बारवरून ०.३० वर नेलं, म्हणजे बोअरहोलमधला दाब ०.८६ वरून ०.७१ वर आला. वायूचा प्रवाह दाबांच्या वर्गांच्या फरकावर ठरतो. आधी १०० वजा ०.७४, नंतर १०० वजा ०.५०. वाढ जेमतेम पाव टक्का! थर रिता होत दीड बारवर आला की मात्र हाच बदल पंधरा-सोळा टक्के जास्त देतो. म्हणून सक्शन खरं कामाला येतं ते बोअरहोल उताराला लागल्यावर.

खरी सत्ता ताणाची. गॅस कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत चिकटलेला असतो, बाहेर पडतो तो क्लीटमधून, म्हणजे कोळशातल्या नैसर्गिक चिरांमधून. ४०० मीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार १०० बारच्या घरात. पंपाने पार निर्वात केलं तरी ओढ एक बारपुढे जात नाही! भाराने चिरा मिटल्या की पारगम्यता, म्हणजे कोळशातून वायू वाहू देण्याची क्षमता, झपाट्याने कोसळते, आणि भार काढला तरी पुरती परत येत नाही. म्हणून शक्य असेल तिथे शेजारचा कमी गॅसचा थर आधी काढतात. ताण उतरतो, पारगम्यता कित्येक पटींनी वाढते. (गॅस निघून गेलेला कोळसा किंचित आकसतो आणि त्यानेही चिरा रुंदावतात, पण तेव्हाच आतला दाब घटल्यामुळे त्या मिटूही लागतात. कोण वरचढ ठरेल ते त्या त्या कोळशावर.)

आता पंपवाल्यांची आवडती फसगत. बोगद्याच्या भिंतीलगतचा कोळसा तडकलेला असतो. बोअरहोलचं सील त्या तडकलेल्या पट्ट्यातच संपलं, तर वाढवलेलं सक्शन बोगद्यातली हवा ओढतं. मीटरवर मिनिटाला २ घनमीटरचे ४ होतात, सगळे खूश. मिथेन मात्र ६० टक्क्यांवरून ३० वर उतरलेला. गुणाकार करा, दोन्ही वेळा १.२ घनमीटरच. टक्का असाच घसरत १५ ते ५ च्या पट्ट्यात आला, तर पाइपातच स्फोटक मिश्रण. शिवाय आत शिरलेल्या ऑक्सिजनने कोळसा तापू लागतो. कार्बन मोनॉक्साइड चढताना दिसला तर सक्शन आधी उतरवा, सील मग तपासा.

बोअरहोलच्या तोंडाशी दाब, प्रवाह आणि मिथेनचा टक्का एकाच वेळी नोंदवायचे. नुसता प्रवाह लिहिलेलं रजिस्टर मी सही न करता परत पाठवायचो.