आतड्याच्या रुग्णांसाठी आहारतज्ज्ञ व्हायचंय

प्रश्न : क्षयरोगामुळे काकांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग काढावा लागला. त्यानंतर जुलाब थांबेनात. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी तेल-तूप कमी करून आहार बसवून दिला आणि त्यांचं वजन सावरलं. मलाही हेच काम करायचंय. बारावी सायन्सला आहे. बाबा म्हणतात, डॉक्टर झाली नाहीस तर यात काही खरं नाही. – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : काकांचा आहार का बदलला, हे नीट समजून घे. कोणता अभ्यासक्रम निवडायचा, ते त्यातूनच कळेल.

स्निग्ध पदार्थ पचवायला यकृतात तयार होणारे पित्तक्षार लागतात. काम झालं की त्यांतले सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषले जाऊन यकृताकडे परततात. हा भाग साधारण १०० सेंटिमीटरपेक्षा कमी काढला असेल, तर यकृत जादा पित्तक्षार बनवून तूट भरून काढतं. पण न शोषलेले क्षार मोठ्या आतड्यात उतरून पाण्यासारखे जुलाब होतात. तिथे पित्तक्षार बांधून ठेवणारं कोलेस्टिरामिन हे औषध उपयोगी पडतं. त्याहून जास्त भाग गेला असेल, तर यकृत पुरं पडत नाही आणि चरबीच पचेनाशी होते. अशा रुग्णाला तेच औषध आणखी त्रासदायक ठरू शकतं. त्याचं तेल-तूप कमी करून एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या स्निग्धाम्लांचं तेल) देतात, कारण ते शोषायला पित्तक्षारांची फारशी गरज लागत नाही. अ, ड, ई, के आणि बी-१२ जीवनसत्त्वांवरही लक्ष ठेवावं लागतं.

तक्रार दोन्ही प्रकारच्या रुग्णांची जुलाबाचीच! म्हणून किती भाग काढला हे कळायला या कामात शस्त्रक्रियेचा अहवाल वाचता आलाच पाहिजे. वजन घटवण्याचे तीन महिन्यांचे सर्टिफिकेट कोर्स इथे कुचकामी आहेत, त्यांवर पैसे घालवू नकोस.

पोषण व आहारशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी. कर. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठ आणि निर्मला निकेतन आहेत. पदव्युत्तर शिक्षणासाठी हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही आहे. त्यानंतर रुग्णालयात इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा. कॉलेज निवडताना इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात मिळते, हे आधी विचार. पोटविकार विभाग असलेलं रुग्णालय मिळालं तर सोडू नकोस.

बाबांना सांग, २०२१च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांना आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिलं आहे. सुरुवातीचा पगार डॉक्टरांइतका नसतो, हेही त्यांच्यापासून लपवू नकोस. आणि यंदा सेंद्रिय रसायनशास्त्र ऑप्शनला टाकू नकोस. पुढचं जीवरसायनशास्त्र त्यावरच उभं आहे.