मागचे दोर कापू नका

तुम्ही विचारलंय: कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) आलाय, तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर, बायको नर्स, मुलगी पहिलीत. चिंचवडचा फ्लॅट विकून, मागचे दोर कापूनच निघा, तरच तिकडे पाय रोवाल, असं मित्र सांगतायत. ऐकावं का?

मला हे अजिबात पटत नाही, कारण ज्यांचे दोर खरोखर कापले गेले अशा घरात मी सून म्हणून आले. माझे सासू-सासरे झेक, ब्रनोचे. १९८३ साली कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातून ते पळाले, तेव्हा माझा नवरा तुमच्या मुलीएवढा होता.

पश्चिमेकडे सहकुटुंब जायला परवानगी मिळणं जवळजवळ अशक्य. युगोस्लाव्हिया समाजवादी असला तरी मॉस्कोच्या मुठीत नव्हता, तिथून ऑस्ट्रियात निसटता यायचं. म्हणून तिथे नुसतं सुट्टीला जायलाही नोकरीच्या ठिकाणची संमती, पोलिसांची परवानगी आणि सरकारी बँकेकडून परकीय चलन लागायचं. हे सगळं जुळलं तेव्हा सामान सुट्टीचंच दिसायला हवं होतं: पोहण्याचे कपडे, तंबू, खाण्याचे डबे. गरम कोट नाही, फोटोंचा अल्बम नाही आणि शिक्षणाची कागदपत्रं तर नाहीच. समुद्रावर निघालेल्या माणसाच्या बॅगेत पदवी सापडली की सीमेवरच्या शिपायाला पुढे काही विचारायची गरज नव्हती. सासूबाईंनी नर्सिंगचं प्रमाणपत्र कपाटात चादरींच्या खाली ठेवलं आणि दाराला कुलूप लावलं. सासऱ्यांच्या आईलाही सांगितलं नाही. उद्या चौकशी झाली तर तिला खरंच काही माहीत नसावं, म्हणून.

युगोस्लाव्हियातल्या स्लोव्हेनियातून रात्री डोंगर ओलांडून ऑस्ट्रिया, मग व्हिएन्नाजवळची ट्रायसकिर्शनची निर्वासित छावणी आणि तिथून एका चर्चच्या हमीवर कॅनडातला ओंटारिओ प्रांत. परवानगीशिवाय देश सोडून जाणं हा चेकोस्लोव्हाकियात कलम १०९ खाली गुन्हा होता. त्यांच्या गैरहजेरीत खटला चालला, तुरुंगवासाची शिक्षा झाली, घर जप्त झालं. त्या चादरी, ते प्रमाणपत्र, सगळं घरासोबत गेलं.

सासऱ्यांचं कसंबसं निभावलं. ड्रॉइंग करायला बसले की काम दिसायचं, त्यामुळे ड्राफ्ट्समन म्हणून त्यांना लवकर घेतलं. सासूबाईंचं तसं नव्हतं. इथे नर्स म्हणून नाव नोंदवायचं तर शिक्षणसंस्थेकडून थेट कागद यायला हवेत. त्यांनी पत्रांवर पत्रं पाठवली, पण शिक्षा झालेल्या बाईच्या पत्राला उत्तर कोण देणार? अख्खा वॉर्ड सांभाळलेली ही बाई वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राबली. १९८९ च्या नोव्हेंबरात ती राजवट कोसळली, पुढच्या वर्षी अशा शिक्षा रद्द झाल्या, तेव्हा त्या स्वतः ब्रनोला जाऊन कागद घेऊन आल्या. तोवर पन्नाशी उलटली होती. नोंदणीच्या परीक्षेला त्या बसल्याच नाहीत. मला आजही याचा संताप येतो.

म्हणून सांगते, बॅगा भरण्याआधी कागदांच्या मागे लागा. विद्यापीठातून दोघांचे ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणांची अधिकृत नोंद) सीलबंद पाकिटात, जास्तीचे संच काढून ठेवा. बायकोच्या नोंदणीची पडताळणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून थेट पाठवावी लागते. तिथे प्रत्यक्ष खेटे घालता येतायत तोवर ते काम उरका, टोरांटोत बसून फोनवर होत नाही. प्रत्येक जुन्या मालकाकडून अनुभवाचं पत्र घ्या, पण त्यात नुसतं पद नको, रोज काय काम करत होता ते हवं. मुलीच्या लसीकरणाची नोंद शाळेत मागतात. गाडीचं लायसन्स किती वर्षांचं आहे याचं पत्र आरटीओकडून आणा.

तुमची वाट आता पूर्वीपेक्षा सोपी आहे. ओंटारिओच्या इंजिनिअर्सच्या संस्थेने लायसन्ससाठीची कॅनडातल्या अनुभवाची अट २०२३ मध्ये काढून टाकली. सुरुवातीला गोदामात काम मिळालं तर खुशाल करा, पण लायसन्सचा अर्ज त्याच महिन्यात टाका. ‘जरा स्थिरस्थावर होऊ दे’ म्हणत थांबलेली हुशार माणसं मी इथे फार पाहिली आहेत.

आणि फ्लॅट? विकू नका, भाड्याने द्या. बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या, विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र द्या. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस इथे राहिलात तरी पुरतं, म्हणजे आईवडिलांचं दुखणं-खुपणं निघालं तर महिनाभर जाऊन राहता येईल. सासऱ्यांची आई गेली तेव्हा त्यांना जाता आलं नाही, गेले असते तर अटक झाली असती. जायला मिळणं ही केवढी गोष्ट आहे, हे त्या घरात विचारा.

बायकोचं शिक्षण जीएनएम (नर्सिंगची पदविका) आहे की बीएससी नर्सिंग (पदवी), ते कळवा. पुढचे टप्पे त्यावर ठरतील, मी सविस्तर लिहीन.