ग्रीसच्या सहलीतील सहा दिवस एकाच डोंगरी खेड्यात घालवणे म्हणजे पैसे वाया घालवणे नव्हे का?

नव्हे. हाच प्रश्न माझ्या थोरल्या दिरांनी पुतणीच्या लग्नात चारचौघांसमोर मला विचारला होता आणि तेव्हा मला धड उत्तर सुचले नव्हते, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

आम्ही चौघे सप्टेंबरमध्ये नाक्सोस बेटावरील अपिरान्थोस या गावी राहिलो होतो. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून मोठ्या बोटीने पाच-साडेपाच तास आणि पुढे बसने वळणे घेत सुमारे तासभर गेल्यावर डोंगराच्या अंगावर हे गाव लागते. पांढरी घरे आणि निळे घुमट पाहायला आलेल्या दिरांचा चेहरा तेथेच उतरला, कारण येथील घरे उघड्या दगडाची आहेत. पांढरा आहे तो बोळांत अंथरलेला संगमरवर, आणि तो इतका गुळगुळीत झाला आहे की उतारावर भिंत धरून चालावे लागते. तिसऱ्या दिवशी दीर आणि जाऊबाई तशा घरांसाठी प्रसिद्ध असलेल्या सांटोरिनी बेटाला निघाले, त्यांच्यामागे आमचे हेही गेले, आणि मी एकटीच मागे राहिले.

शेजारच्या गच्चीवर एक आजी अंजिरे चिरून, उघडून वाळत घालीत असत. मला ग्रीकचे दोन-चार शब्द येत होते आणि त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले, तेव्हा मी न विचारताच त्यांच्या जिन्याने वर धावले. वळवाच्या सरीआधी कुरडया गोळा करण्याची लहानपणची सवय हातात होतीच. पाऊस आलाच नाही. मात्र त्या दिवसापासून अंजिरे उलटण्याचे काम माझ्याकडे आले आणि गर बोटाला चिकटला की फळ अजून कच्चे वाळले आहे, हे त्यांनी माझे बोट धरून शिकवले. संध्याकाळी त्यांचा नातू इंग्रजीत गावाच्या गोष्टी सांगे: कुरुंद या घासकामाच्या कठीण दगडाच्या खाणींच्या, आणि १९४१ मध्ये अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरचा नाझी झेंडा उतरवणाऱ्या दोघांपैकी एक, मानोलिस ग्लेझोस, याच गावचे असल्याच्या.

दीर परतले ते सांटोरिनीवरील ओइया गावच्या सूर्यास्ताचे फोटो घेऊन. त्यांत सूर्यापेक्षा माणसांच्या पाठीच अधिक होत्या.

गुडघे दुखत असतील तर मात्र हे गाव टाळावे, पायऱ्या फार आहेत. दुपारी सामसूम असते, उन्हाळा सरला की बसगाड्या कमी होतात आणि शाकाहारी माणसाला बटाटे, पावट्यासारख्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ व ग्राविएरा चीज यांवर समाधान मानावे लागते.

दिरांचे म्हणणे असे, की खेडेच पाहायचे होते तर आपले कोकण काय वाईट होते? कोकणातल्या घरी पहाटे चहाचे आधण ठेवण्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत मी सून असते, हे त्यांच्या ध्यानात येणे कठीणच आहे. अंजिरे मी माझ्या मर्जीने उलटली, आणि काम संपल्यावर त्या आजींनी मला पायरीवर बसवून कॉफी स्वतः करून दिली.