होम केअरची बिलं ऑटोमॅटिक करायची आहेत, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

तुम्ही लिहिलंय की महिनाअखेरीला एक्सेलमध्ये बिलं काढायला ३ दिवस जातात आणि तरी चुका होतातच. मी एका होम केअर एजन्सीत, म्हणजे पेशंटच्या घरी काळजी घ्यायला अटेंडंट पाठवणाऱ्या संस्थेत, बिलिंग बघते, आमचंही अगदी हेच होतं, म्हणून सांगते, सॉफ्टवेअर नंतर बघा, आधी व्हिजिटची नोंद ताळ्यावर आणा. बिल बनवायला वेळ लागतच नाही हो, वेळ जातो तो त्या मंगळवारी अटेंडंट खरंच गेली होती का आणि किती वाजता निघाली हे दहा फोन करून शोधण्यात.

आम्ही पहिल्यांदा मोबाईलवर चेक-इन चेक-आउट सुरू केलं, लोकेशनसकट. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहून नंतर आपोआप जाईल असंच अ‍ॅप घ्या, नाहीतर मुली वैतागतात आणि तुम्ही परत कागदावर येता. मग ठरलेली ड्युटी आणि प्रत्यक्ष वेळ जुळली की ती नोंद थेट बिलात, नाही जुळली की माणसाकडे तपासायला, एवढंच करा, निम्मं काम इथेच संपतं.

खरं डोकं लागतं ते रेटला. पेशंटच्या नावापुढे एकच आकडा टाकून चालत नाही, दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा, सुट्टीचा वेगळा, एकाच वेळी २ अटेंडंट असतील तर अजून वेगळा, आणि प्रत्येक रेटला 'या तारखेपासून लागू' अशी तारीख हवीच, नाहीतर तुम्ही आज रेट वाढवला आणि मागच्या महिन्याचं बिल परत काढलं की तेही नव्या रेटने येतं. रात्री १० ते सकाळी ६ ची ड्युटी आहे आणि १२ वाजता सुट्टीचा दिवस लागतो, मग २ तास साधे आणि ६ तास सुट्टीचे की सगळी रात्र एकाच रेटने? हे करारात लिहून घ्या. राउंडिंगचंही तसंच. ४७ मिनिटांच्या २० व्हिजिट धरा आणि १५ मिनिटांच्या टप्प्याने वर ओढा. प्रत्येक व्हिजिट ओढली तर २० तास होतात, महिन्याची बेरीज करून मग ओढली तर १५ तास ४५ मिनिटं. सॉफ्टवेअर यातलं काहीतरी एक गुपचूप धरतं आणि कुटुंबाला उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

काही पैसे विमा कंपनी देणार आणि उरलेले घरचे, असं असेल तर एकाच व्हिजिटची २ बिलं पडतात, ते जमतं का हे डेमोतच विचारा. पाठवलेलं बिल मात्र कधी खोडू नका, क्रेडिट नोट काढा, म्हणजे आधीच्या बिलातली जास्तीची रक्कम वजा करणारा वेगळा कागद. आणि पहिले २ महिने एक्सेल बंद करू नका, दोन्हीकडची बेरीज ताडून बघा, आमच्याकडे तर बरेचसे फरक जुन्या एक्सेलच्याच चुकांचे निघाले.

एक गोष्ट मनापासून सांगते. आमचे एक आजोबा गेले आणि चौथ्या दिवशी त्यांच्या मुलीला थकबाकीचा ऑटोमॅटिक मेसेज गेला. मी फोन करून माफी मागितली, ती काही बोलली नाही, नुसती रडली. तेव्हापासून पेशंट हॉस्पिटलमध्ये गेला किंवा वारला अशी नोंद पडली की आमचे सगळे रिमाइंडर त्या क्षणी थांबतात, आणि शेवटचं बिल मी स्वतः वाचते, घरच्यांशी बोलते आणि ते म्हणतील तेव्हाच पाठवते.