काका माजी सैनिक होते. ते वारल्यावर काकूंना ईसीएचएस (माजी सैनिकांची सरकारी आरोग्य योजना) मिळतं का, की वेगळा मेडिक्लेम घ्यावा?

मिळतं. काकूंना फॅमिली पेन्शन चालू आहे ना? मग हक्क आहे. मेडिक्लेमवाला घरी येऊन बसायच्या आत अर्ज टाका.

आमच्याकडं नेमकं उलटं झालं. वडील 1991 ला नाईक म्हणून पेन्शनवर आले. 2003 ला ईसीएचएस निघाली तेव्हा "मला काय धाड भरलीय" म्हणत त्यांनी कार्ड काढलंच नाही. ते गेल्यावर म्हटलं, आईचं तरी काढू. पण आमचे दाजी पॉलिस्या विकतात. "म्हातारीला गेवराईहून औरंगाबादला नेऊन पॉलिक्लिनिकच्या, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याच्या, रांगेत उभं करता का? माझ्याकडं सगळं कॅशलेस." बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं? फॉर्म त्यांनीच भरला. रक्तदाब आहे का? 'नाही'. आई समोरच बसून चहाच्या घोटासोबत बीपीची गोळी गिळत होती.

सव्वा वर्षानं तिच्या छातीत दुखलं, दोन स्टेंट टाकावे लागले. कंपनीनं जुन्या चिठ्ठ्या मागवल्या आणि आजार लपवला म्हणून क्लेम फेटाळला. त्या वर्षीचा सगळा कापूस दवाखान्यात गेला. दाजी म्हणाले, "फॉर्मवर सही कुणाची?"

मग कार्ड काढलं. 1 जानेवारी 1996 च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ, त्यामुळं आम्हाला एक रुपया लागला नाही. युद्धविधवांनाही माफ आहे. बाकीच्यांना हवालदारापर्यंत 30,000, तेही आयुष्यात एकदाच. काकांनी भरली असेल तर प्रश्नच मिटला. दाजींचा हप्ता वर्षाला 26,000 होता, हिशोब तुम्हीच करा.

घोळ झाला तो नावाचा. पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) आईच्या नावापुढं 'बाई' नाही, आधारवर आहे. एवढ्या 'बाई'पायी सहा महिने. आधी ते तपासा, अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि काकांच्याच जुन्या कार्डावर भागवू नका, काकूंच्या नावाचं नवं काढा.

ईसीएचएस म्हणजे स्वर्ग नाही, तेही सांगतो. बिलं थकली की पॅनेलवरचे (योजनेशी करार असलेले) दवाखाने तोंड वाकडं करतात, निघायच्या आधी फोन करा. एरवी पॉलिक्लिनिकचं रेफरल, म्हणजे पुढं पाठवायची चिठ्ठी, लागते. जीवावर बेतलं तर कुठंही भरती करा, पण 48 तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. पॅनेलबाहेरच्या दवाखान्याचे पैसे सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दरानंच परत मिळतात, वरचे आपले. मुलगा योजनेत 25 वर्षांपर्यंतच बसतो, अपंग असेल तर वयाची अट नाही.

जोडीला मेडिक्लेम घ्यायला माझी ना नाही. जुन्या आजाराला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागेल, पण तो फॉर्मवर लिहा. आणि पाहुण्याकडून घेऊ नका.

दाजी अजून दिवाळीला येतात. आई गोळी त्यांच्यासमोरच घेते, डबी जरा वाजवून.