स्प्लीन हाताला लागत नाही, माझं काय चुकतंय?

प्रश्न : सर, मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पोस्टिंगला एका पेशंटभोवती आम्ही वीसजण असतो, हात लावायची पाळी क्वचितच येते. म्हणून पोट तपासण्याचे ऑनलाइन व्हिडिओ पाहून घरी धाकट्या भावावर सराव करते. पंधरा दिवस झाले, त्याची स्प्लीन, म्हणजे पोटात डावीकडे वर असणारी प्लीहा, एकदाही हाताला लागली नाही. माझं काय चुकतंय?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : भाऊ ठणठणीत आहे, म्हणून लागत नाही. निरोगी माणसाची स्प्लीन डाव्या बरगड्यांच्या आड असते. बरीच वाढली तरच ती बोटांना भेटते. तुला जे सापडलं ते बरोबरच आहे.

सराव मात्र सोडू नकोस. घरच्या माणसावर हात घडतो. उजव्या जांघेच्या वरून सुरुवात कर आणि तिरकं डाव्या बरगड्यांकडे ये. भाऊ खोल श्वास घेत असताना बोटं जागच्या जागी ठेव. हात पुढे सरकवायचा तो श्वास सोडल्यावर. स्प्लीन श्वासाबरोबर खाली उतरते, ती आपल्या हाताकडे येते. तिला खोदून काढायची नसते. थेट बरगडीखाली हात घातलास तर मोठी स्प्लीन तळव्याखालीच राहते आणि तिची कडा मिळत नाही. तरुणपणी गडचिरोलीत मलेरियाच्या एका मुलाची बेंबीपर्यंत आलेली स्प्लीन माझ्या हातून अशीच सुटली होती. ते पोट मी विसरलेलो नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मी फोनवरून शिकवत होतो. आधी मी दाखवायचो, मुलं पाहायची. मग उलटं केलं : फोन पुस्तकांच्या चळतीवर, कॅमेरा मुलांच्या हातांवर. तेव्हा दिसलं की पर्कशन करताना, म्हणजे पोटावर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकताना, कितीतरी जण कोपरापासून ठोकत होते, मनगट हलतच नव्हतं. एक मुलगी आजोबांचं पोट तपासत होती, हात छान चालला होता. आजोबांनी दोनदा डोळे घट्ट मिटले. मला दिसलं, तिला नाही. तिची नजर स्वतःच्या बोटांवर होती. हात पोटावर असताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावरच हवी, हे तिला त्या दिवशी सांगता आलं, कारण मी तिला पाहत होतो. तूही आपलं शूटिंग करून एखाद्या शिक्षकांना दाखव. नुसतं पाहून हाताच्या चुका कळत नाहीत.

हृदयाचे आवाज ऑनलाइन ऐकताना हेडफोन लाव. मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होण्याचा) मर्मर, म्हणजे रक्तप्रवाहाचा जादा आवाज, खालच्या पट्टीतला असतो, फोनच्या छोट्या स्पीकरमधून तो नीट उमटत नाही.

आणि वाढलेल्या स्प्लीनसाठी संध्याकाळी वॉर्डात जा. तेव्हा वीसजण नसतात. ड्युटीवरच्या रेसिडेंटला विचार, पेशंटची परवानगी घे, तळहात चोळून गरम कर. कडा बोटाला टेकली की मला कळव.